ट्रेन झालेल्या सॉमवर नवीन डेटा कसा चालवायचा (आणि आपण कुठे कुठे माती खातो)

सेल्फ ऑर्गनायझिंग मॅप, म्हणजे आपला सॉम (डेटातल्या एकमेकींसारख्या ओळी जवळजवळ बसवणारा नकाशा), शिकवणारं साहित्य तसं भरपूर सापडतं, पण बहुतेक ठिकाणी गाडी ट्रेनिंगपाशीच थांबते, एक रंगीबेरंगी नकाशा दाखवतात, बघा कसे छान क्लस्टर पडलेत म्हणतात आणि विषय संपतो. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. मॅप तयार आहे, फाइल सेव्ह आहे, आणि हातात डेटाच्या नव्या ओळी आल्यात ज्या मॅपने कधी पाहिलेल्याच नाहीत, आता यांचं करायचं काय? कोड म्हणाल तर एका ओळीचा आहे, पण त्या ओळीच्या आधी आणि नंतर इतक्या जागी पाय घसरतो की मी स्वतः दोनदा तोंडावर आपटलोय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सॉम कधीही "मला माहीत नाही" असं म्हणत नाही. तुम्ही त्याला काहीही द्या, चांगला डेटा द्या, कचरा द्या, चुकीच्या युनिटमधला डेटा द्या, तो शांतपणे एक नोड (मॅपच्या ग्रिडवरचं एक घर) काढून हातात ठेवतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. त्यामुळे "उत्तर आलं म्हणजे बरोबर आलं" हे डोक्यातून काढून टाका आणि मगच पुढे वाचा.

मॅपमध्ये नक्की असतं काय

उदाहरणाला आपण तो जुना आयरिस डेटासेट घेऊ, १९३६ पासून वापरात आहे आणि सगळ्यांकडे असतो. १५० फुलं, तीन जाती, सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका, प्रत्येकी ५०. प्रत्येक फुलाची चार मापं सेंटिमीटरमध्ये : निदलाची लांबी, निदलाची रुंदी, पाकळीची लांबी, पाकळीची रुंदी. नोड किती घ्यायचे याचा एक ढोबळ हिशोब चालतो, ओळींच्या संख्येच्या वर्गमुळाची पाचपट, म्हणजे इथे साधारण ६१, म्हणून ८ बाय ८ ची ग्रिड, ६४ नोड.

प्रत्येक नोडकडे चार आकडे, म्हणजे त्याचे वेट. ६४ गुणिले ४, बरोबर २५६ आकडे. बस, ट्रेन झालेला मॅप म्हणजे एवढंच. टेउवो कोहोनेन यांनी १९८२ साली ही कल्पना मांडली तेव्हापासून तिचा गाभा हाच आहे : ट्रेनिंग चालू असताना हे आकडे हलतात, जिंकणारा नोड आणि त्याचे शेजारी डेटाकडे सरकतात, आणि ट्रेनिंग संपलं की आकडे गोठले. नवीन डेटा चालवताना काहीच शिकायचं नसतं, लर्निंग रेट (आकडे एका वेळी किती हलवायचे तो दर) नाही, शेजारी नाहीत, फक्त अंतर मोजायचं आणि सगळ्यात जवळचा नोड शोधायचा. त्या नोडला बेस्ट मॅचिंग युनिट म्हणतात, पुढे मी बीएमयू म्हणेन.

पायरी १ : मॅपसोबत बाकीचं सामानही सेव्ह करा

नवखे लोक फक्त मॅप सेव्ह करतात. पायथनमध्ये मिनीसॉम ही लायब्ररी वापरत असाल तर पूर्ण ऑब्जेक्ट पिकल करून (जसाच्या तसा फाइलमध्ये) ठेवता येतो, ते ठीकच, पण त्याच्याच शेजारी स्केलर (सगळी मापं एका पट्टीवर आणणारा, पायरी ३ बघा), कॉलमच्या नावांची क्रमवार यादी, ट्रेनिंगच्या ओळी (किंवा निदान कुठल्या नोडवर कोणत्या जातीची किती फुलं पडली त्याची मोजदाद) हेही सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी फोल्डर उघडलं आणि आत नुसता मॅप सापडला तर तो जवळपास बिनकामाचा आहे, कारण २५६ आकडे कुठल्या स्केलवरचे हेच सांगता येत नाही.

पायरी २ : कॉलम जुळवा

याला फार वेळ लागत नाही पण करा. मॅपला कॉलमची नावं माहीत नसतात, त्याला फक्त पहिला, दुसरा, तिसरा, चौथा एवढंच कळतं. नवीन फाइलमध्ये पाकळीचे कॉलम आधी आणि निदलाचे नंतर आले असतील तर मॅप मुकाट्याने चुकीचं उत्तर देईल. सेव्ह केलेल्या यादीनेच नवीन फाइलचे कॉलम उचला, हाताने क्रम लावू नका. युनिटही तपासा, कोणीतरी मिलिमीटरमध्ये मोजून पाठवलेलं असतं.

कॅटेगरीचे कॉलम वन-हॉट करून (प्रत्येक प्रकाराला ०/१ चा वेगळा कॉलम देऊन) वापरले असतील तर नवीन डेटावर एन्कोडर, म्हणजे हे बदलून देणारा, पुन्हा फिट करू नका, जुनाच वापरा. नाहीतर कॉलमची संख्याच बदलते, आणि बदलली तर एक वेळ बरं, निदान एरर तरी येतो. संख्या योगायोगाने तेवढीच राहिली आणि अर्थ बदलले तर शोधत बसा.

पायरी ३ : स्केलिंग, इथेच निम्मे लोक गारद होतात

ट्रेनिंगच्या वेळी आपण डेटा स्टँडर्डाइज करतो, म्हणजे प्रत्येक मापातून सरासरी वजा करून स्टँडर्ड डेव्हिएशनने भागतो. का, तर पाकळीची लांबी १ ते ६.९ फिरते आणि निदलाची रुंदी फक्त २ ते ४.४, तसंच ठेवलं तर अंतरात पाकळीच सगळं ठरवते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती नवीन डेटाच्या वेळी, जुन्या कोडमधली ओळ कॉपी केली जाते आणि त्यात फिट-ट्रान्सफॉर्म असतं. फिट म्हणजे डेटावरून सरासरी आणि डेव्हिएशन काढणं, ट्रान्सफॉर्म म्हणजे ते आकडे वापरून मापं बदलणं. नवीन डेटाला फक्त ट्रान्सफॉर्म पाहिजे. फिट एकदाच, ट्रेनिंगच्या वेळी, नंतर त्या बटणाला हात लावायचा नाही.

फरक किती पडतो ते बघा. समजा एकच नवीन फूल आलं आणि तुम्ही त्यावर फिट-ट्रान्सफॉर्म केलं. एकाच ओळीची सरासरी म्हणजे ती ओळ स्वतःच, वजाबाकी केली की चारही आकडे शून्य. कुठलंही फूल द्या, शून्य शून्य शून्य शून्य, आणि सगळी फुलं एकाच नोडवर. माझं नेमकं हेच झालं होतं, काम फुलांचं नव्हतं, मोटारींवरच्या सेन्सरचं होतं, रीडिंग एकेक करून येत होती आणि दोन दिवस मी कौतुकाने बघत होतो की वा, यंत्र किती स्थिर चाललंय, एका नोडवरून हलत नाही.

ओळींचा गठ्ठा एकदम असेल तर चूक अजून छुपी होते. समजा नवीन २० फुलं आली आणि वीसच्या वीस सेटोसा आहेत. खरं तर ती सगळी मॅपच्या एका बाजूला दाटीवाटीने बसायला हवीत, सेटोसा बाकी दोघींपासून बऱ्यापैकी वेगळी असते. पण फिट-ट्रान्सफॉर्मने त्या वीस फुलांची सरासरी शून्यावर आणली, आपापसातला बारीक फरक ताणून मोठा केला, आणि फुलं मॅपभर पसरली. दिसायला एकदम छान, सगळीकडे थोडी थोडी. पूर्ण चूक.

तिसरा प्रकार म्हणजे स्केलिंग विसरूनच जाणं. ६.०, २.९, ४.५, १.५ हे फूल तसंच कच्चं दिलं तर मॅपच्या भाषेत ते निदलाच्या लांबीत सरासरीपेक्षा सहा डेव्हिएशन वर असलेलं राक्षसी फूल होतं. नोड मिळतोच, पण अंतर चारच्या वर जातं. हा आकडा लक्षात ठेवा, पायरी ६ मध्ये लागेल.

आर या भाषेत काम करणाऱ्यांसाठी : स्केल फंक्शन वापरलं की निकालासोबत सेंटर आणि स्केलचे आकडे चिकटून येतात, नवीन डेटाला तेच आकडे द्यायचे, पुन्हा नुसतं स्केल चालवायचं नाही. चूक तीच, फक्त भाषा वेगळी.

पायरी ४ : रिकाम्या जागा

नवीन डेटात एखादं माप गहाळ असतंच. पायथनमध्ये तो नॅन म्हणून येतो, आणि नॅनचा गुण असा की त्याच्याशी कुठलाही हिशोब केला की उत्तर नॅनच. चारपैकी एक माप नॅन असेल तरी ६४ ही नोडपासूनचं अंतर नॅन. आता गंमत बघा, नमपायला (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) अशा नॅनने भरलेल्या यादीतला सगळ्यात लहान आकडा कुठे आहे विचारलं तर तो कुरकुर न करता पहिली जागा सांगतो. म्हणजे शून्य-शून्य नोड. म्हणून तुमच्या निकालात मॅपच्या कोपऱ्यातल्या पहिल्याच नोडवर संशयास्पद गर्दी दिसली तर आधी नॅन शोधा, क्लस्टरचा अर्थ नंतर लावा.

उपाय दोन. एक तर गहाळ माप सरासरीने भरा, पण ट्रेनिंगच्या सरासरीने, नवीन डेटाच्या नाही (स्टँडर्डाइज केल्यावर ते शून्य भरण्यासारखंच). दुसरा मला जास्त आवडतो : जी मापं आहेत तेवढ्यांवरच अंतर मोजायचं, गहाळ माप नोडच्या बाजूनेही सोडून द्यायचं. बीएमयू शोधायला हे पुरतं. फक्त लक्षात घ्या की तीन मापांवरचं अंतर चार मापांच्या अंतराशी थेट तोलता येत नाही, ते साहजिकच लहान येतं. आणि निम्म्याहून जास्त मापं गहाळ असतील तर ती ओळ बाजूलाच ठेवा, उगाच जागा देण्यात अर्थ नाही.

पायरी ५ : बीएमयू काढा

आता ते एका ओळीचं काम. मिनीसॉममध्ये विनर फंक्शनला एक ओळ दिली की नोडचे दोन आकडे मिळतात. ओळ सपाट द्या, चार आकड्यांची साधी यादी, एक बाय चारचं टेबल नको. आरच्या कोहोनेन पॅकेजमध्ये मॅप नावाचं फंक्शन नोडचा क्रमांक आणि अंतर दोन्ही देतं. मॅटलॅबमध्ये नेटवर्कलाच डेटा द्यायचा आणि निकाल व्हेक-टू-इंडने क्रमांकात बदलायचा, पण तिथे नमुने आडवे नाही, उभ्या कॉलममध्ये असतात हे विसरू नका.

हाताने एकदा करून बघाच, भीती जाते. आपलं फूल ६.०, २.९, ४.५, १.५. आयरिसच्या सरासरी आणि डेव्हिएशनने बदललं की साधारण ०.१९, उणे ०.३६, ०.४२, ०.४० येतं. समजा एका नोडचे वेट ०.२५, उणे ०.३०, ०.५०, ०.३५ आहेत. फरक ०.०६, ०.०६, ०.०८, ०.०५. वर्ग करून बेरीज ०.०१६१, वर्गमूळ साधारण ०.१३. असं ६४ वेळा करायचं आणि सगळ्यात कमी येईल तो बीएमयू. यात जादू काहीच नाही.

ओळी लाखांत असतील तर विनर लूपमध्ये फिरवत बसू नका, सगळे वेट ६४ बाय ४ च्या टेबलात सपाट करा, स्कायपाय लायब्ररीच्या सीडिस्टला (सगळी अंतरं एकदम काढणारं फंक्शन) वेट आणि ओळी अशी दोन्ही टेबलं द्या, प्रत्येक ओळीतला किमान आकडा घ्या. ट्रेनिंग युक्लिडियन अंतराने (वर हाताने काढलं तेच) केलं असेल तर इथेही तेच, कोसाइनने (दिशेतल्या फरकावरून मोजलेलं अंतर) केलं असेल तर कोसाइन.

आणि हो, या टप्प्यावर ट्रेन किंवा अपडेट नावाचं काहीही कॉल होत नाहीये ना ते एकदा बघून घ्या.

पायरी ६ : अंतर बघितल्याशिवाय नोडवर विश्वास ठेवू नका

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि बहुतेक जण हाच गाळतात. सॉम नाही म्हणत नाही, मग त्याच्या वतीने नाही म्हणायचं काम आपलं. त्यासाठीचं हत्यार म्हणजे ओळ आणि तिचा बीएमयू यातलं अंतर, क्वांटायझेशन एरर.

समजा कोणीतरी सेटोसाचं फूल टाइप केलं, ५.१, ३.५, १.४, ०.२, आणि १.४ मधला दशांश चुकून उडाला, १४ झालं. बाकीची तीन मापं चोख सेटोसाची. तरी हे फूल जातं व्हर्जिनिकाच्या भागात, कारण मॅपवर लांब पाकळ्या तिथेच आहेत. नोड बघून कोणी म्हणेल, अच्छा, व्हर्जिनिका. अंतर बघितलं तर पाचच्या वर. आपल्या आधीच्या फुलाचं ०.१३, याचं पाच, दोन्ही निकालात एकसारखी ओळ म्हणून कसे चालतील?

मग किती अंतर म्हणजे जास्त? सरधोपट पद्धत अशी की ट्रेनिंगच्या सगळ्या ओळींची अंतरं काढा, ९५ वा किंवा ९९ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९५ किंवा ९९ टक्के ओळी येतात तो आकडा) घ्या, त्याच्या वर गेलेली नवीन ओळ "अनोळखी" म्हणून वेगळी काढा. चालतं, पण यात एक मेख आहे. १५० फुलं आणि ६४ नोड म्हणजे सरासरी एका नोडला अडीचही फुलं येत नाहीत, मॅप त्या फुलांना इतका चिकटून बसलेला असतो की ट्रेनिंगची अंतरं फसवी लहान येतात. तो उंबरठा लावला की अगदी नॉर्मल नवीन फुलंही अनोळखी ठरायला लागतात आणि मग वैतागून लोक ही तपासणीच काढून टाकतात. म्हणून ट्रेनिंगच्या आधीच थोड्या ओळी बाजूला काढा, मॅपला दाखवूच नका, आणि उंबरठा त्यांच्या अंतरावरून ठरवा. (इथे मी समजायला सोपं पडावं म्हणून सगळी १५० वापरली, तुम्ही ३० तरी बाजूला ठेवा.)

ओळ अनोळखी ठरली की पुढचा प्रश्न, कशामुळे? याचं उत्तर फुकटात मिळतं. ओळीचे चार आकडे आणि बीएमयूचे चार वेट शेजारी ठेवा, प्रत्येक मापाचा फरक बघा. त्या चुकलेल्या फुलात पाकळीच्या लांबीचा फरक एकटाच चारच्या वर असेल आणि बाकीचे त्याहून लहान, टायपिंगची चूक लगेच पकडता येते. सॉमची मला आवडणारी गोष्ट हीच, बिघाड कुठल्या कॉलममध्ये आहे तेही सांगतो, फक्त विचारायला पाहिजे.

अजून एक बारीक तपासणी जमली तर करा. दुसऱ्या नंबरचा जवळचा नोडही काढा. पहिला आणि दुसरा ग्रिडवर शेजारी शेजारी असतील तर ठीक. एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला असेल तर मॅप त्या जागी मुडपलेला आहे, अंतर कमी असलं तरी त्या ओळीच्या जागेवर फार इमले बांधू नका.

पायरी ७ : लेबल द्यायचं असेल तर

सॉमने ट्रेनिंगमध्ये जाती बघितलेल्याच नसतात, त्यामुळे लेबल आपण नंतर चिकटवतो. प्रत्येक नोडवर ट्रेनिंगची कुठली फुलं पडली ते मोजायचं, ज्या जातीची जास्त तिचं नाव नोडला, आणि नवीन फूल ज्या नोडवर पडेल ते नाव त्याला.

पण नुसतं बहुमत लिहू नका, प्रमाणही लिहा. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका यांची सरहद्द पुसट असते, तिथे एखाद्या नोडवर दोन अशी आणि एक तशी असणारच, तिथल्या नवीन फुलाला छातीठोकपणे एकच नाव देणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. "तीनपैकी दोन" असं लिहा, वाचणाऱ्याला कळतं.

आणि मग रिकामे नोड. ६४ पैकी काहींवर ट्रेनिंगचं एकही फूल पडलेलं नसतं, ते दोन गटांच्या मधल्या पट्ट्यात लटकलेले असतात. नवीन फूल अशा नोडवर पडलं तर लेबल काय? काही कोडमध्ये अशा वेळी सरसकट सगळ्यात जास्त संख्येची जात चिकटवून देतात, आयरिससारख्या सारख्या वाटणीच्या डेटात तर हे नाणं उडवण्यासारखंच झालं. त्यापेक्षा लेबल असलेला सगळ्यात जवळचा नोड घ्या, जवळचा म्हणजे वेटच्या अंतराने, ग्रिडवरची घरं मोजून नाही, कारण ग्रिडवर खेटून असलेले दोन नोड प्रत्यक्षात खूप लांब असू शकतात, यू-मॅट्रिक्सवर (शेजारच्या नोडमधली वेटची अंतरं दाखवणारं चित्र) ज्या डोंगररांगा दिसतात त्या हेच सांगत असतात. आणि "रिकाम्या नोडवर पडलं" अशी खूण वेगळ्या कॉलममध्ये ठेवा.

पायरी ८ : गर्दी एकदम बघा

एकेक ओळ झाली की सगळ्या नव्या ओळींचा हिट मॅप काढा, कुठल्या नोडवर किती पडल्या, आणि ट्रेनिंगच्या हिट मॅपशेजारी ठेवा. आकडे नाही, टक्केवारी, नाहीतर १५० आणि १५,००० ची तुलना होत बसते. जुनी गर्दी एका बाजूला आणि नवी दुसऱ्या बाजूला सरकलेली दिसली तर डेटा बदललाय. गर्दी त्याच जागी आहे पण सरासरी अंतर हळूहळू वाढतंय, तर डेटा मॅपच्या बाहेर सरकायला लागलाय, मॅपमध्ये त्यासाठी जागाच नाही. पहिल्या प्रकारात मॅप अजून वापरता येतो. दुसऱ्यात नवीन मॅपची तयारी करा.

मग नवीन डेटावर थोडं ट्रेन करून घेऊ का?

हा प्रश्न येतोच. करता येतं, पण सेव्ह केलेल्या मॅपवर सरळ ट्रेन परत चालवू नका, मिनीसॉममध्ये तसं केलं की लर्निंग रेट आणि शेजारची त्रिज्या (किती लांबपर्यंतचे शेजारी हलवायचे) पुन्हा सुरुवातीच्या मोठ्या आकड्यांपासून चालू होतात आणि नवीन डेटा जुन्या मॅपला उलटापालटा करून टाकतो. करायचंच तर कॉपीवर करा, लर्निंग रेट आणि त्रिज्या दोन्ही अगदी लहान ठेवा, आणि नव्या ओळींमध्ये जुन्याही मिसळा, नाहीतर जे नव्या डेटात नाही ते मॅप विसरतो.

पूर्ण नव्याने ट्रेन केलंत तर आणखी एक लक्षात घ्या, सुरुवातीचे वेट वेगळे पडले की नवा मॅप फिरलेला किंवा आरशातल्यासारखा उलटा येऊ शकतो, सेटोसा काल वर डावीकडे होती, आज खाली उजवीकडे. दोन्ही मॅप बरोबर. पण "नोड ३-५ म्हणजे बिघाड" असं कुठे कोडमध्ये लिहून ठेवलं असेल तर ते त्या क्षणी मेलं. रँडम सीड (सुरुवातीचे रँडम वेट ठरवणारा आकडा) पक्का ठेवला तरी डेटा बदलल्यावर त्याची खात्री नाही. म्हणून निकालाच्या टेबलात मी चार कॉलम ठेवतो : नोड, अंतर, दुसऱ्या नंबरचा नोड, आणि कुठल्या मॅपच्या फाइलमधून हे आलं तिचं नाव. चौथा कॉलम सुरुवातीला फालतू वाटतो, पण दुसरा मॅप आला की सगळ्यात आधी तोच शोधला जातो.